चेंडू चालला, कप मात्र विटाळला!

1911 साली हिंदुस्थानचा क्रिकेट संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. त्या दौऱ्यात एकट्या बाळू पालवणकर यांनी 114 बळी घेतले. विक्रमांच्या तक्त्याला जात नसते. पण ज्या डाव्या हाताने हे बळी घेतले, त्या हाताला या देशात जात चिकटवलेली होती!

बाळूंचा जन्म 1870 च्या दशकात धारवाडचा. कुटुंब चर्मकार समाजाचे, वडील लष्कराच्या नोकरीत. पुण्यात एका पारशी क्लबात मैदानाची देखभाल करण्याचे त्यांना महिना 3 रुपये मिळत. पुढे पूना क्लबात 4 रुपये झाले. रोलर फिरवायचा, जाळी बांधायची आणि गोऱ्या साहेबांना सरावासाठी तासन् तास चेंडू टाकायचे. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. चेंडू टाकणे हे राबणाऱ्याचे काम, फलंदाजी मालकाची!

गोऱ्यांना हरवायचे म्हणून पुण्यातील हिंदूंनी बाळूंना संघात घेतले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू बिनदिक्कत हातात घेत. चहाच्या सुटीत मात्र बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर आणि त्यांचा चहा मातीच्या वेगळ्या भांड्यात. जेवणाचे पानही वेगळे. चेंडू विटाळत नव्हता, कप विटाळत होता! अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये 1947 साली जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत प्रमुख लीगचे दार काळ्या खेळाडूंना बंद होते. इथे दार उघडे होते, पण फक्त राबण्यापुरते.

मुंबईत 1906 साली हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरवले. त्या सामन्यात 8 बळी बाळूंचे होते. तरीही संघाचे कर्णधारपद त्यांना कधी दिले गेले नाही. 1920 साली तर त्यांना संघातूनच वगळले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे त्यांचे भाऊ सामन्यातून बाहेर पडले. अखेर निवड करणाऱ्यांना नमते घ्यावे लागले आणि बाळूंना परत बोलवावे लागले. पुढे 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. जे 114 बळींनी दिले नाही, ते दोन भावांच्या बहिष्काराने मिळवले!

याच बाळूंनी 1932 च्या वादात बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजू घेतली. 1937 च्या निवडणुकीत ते काँग्रेसचे उमेदवार म्हणून थेट बाबासाहेबांसमोर उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी पडले. म्हणून आपल्यातले काही जण त्यांचे नावच घेत नाहीत. हे योग्य नाही. काँग्रेसने त्यांच्या लोकप्रियतेचा वापर केला, हे खरेच. पण त्यांचे आयुष्य बाबासाहेबांच्या बाजूने साक्ष देते. गुणवत्ता दाखवा, मने आपोआप बदलतील, असे आपल्याला नेहमी ऐकवले जाते. बाळूंपेक्षा अधिक गुणवत्ता कोणी दाखवली? मने बदलली नाहीत. म्हणूनच बाबासाहेबांनी दयेची वाट पाहिली नाही, हक्क मागितले.

त्या लढ्यातून संविधानाचे कलम 17 आले आणि अस्पृश्यता नष्ट झाली. त्याच्या अंमलबजावणीसाठी अस्पृश्यता (गुन्हे) कायदा 1 जून 1955 रोजी लागू झाला. सार्वजनिक हॉटेलात, उपाहारगृहात अस्पृश्यतेच्या कारणावरून भांडी वापरू न देणे हा गुन्हा ठरला. पुढच्याच महिन्यात, जुलै 1955 मध्ये, बाळू पालवणकर गेले.

आज आटपाडीसारख्या दुष्काळी तालुक्यातली आपली पोरे मोकळ्या माळावर क्रिकेट खेळतात. त्यांना बाळूंचे आकडे जरूर सांगा. पण वेगळ्या कपाची गोष्टही सांगा, आणि तो कप फोडला कोणी, हेही सांगा. तो चेंडूने फुटला नाही, कायद्याने फुटला. खेळावे जीव तोडून; पण हक्काची लढाई सोडू नये. जयभीम!