तंजावरचे सरफोजीराजे : एका विद्यार्थ्याचे चरित्र

महाराष्ट्राबाहेर संसार थाटलेल्या आम्हां मराठी माणसांना तंजावरच्या भोसल्यांविषयी वेगळीच आपुलकी वाटते. त्यांतील दुसरे सरफोजीराजे यांचे चरित्र आम्ही मात्र राजाचे म्हणून वाचत नाही. एका बुद्धिमान मुलाचे म्हणून वाचतो.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ चा, भोसले कुळाच्याच एका शाखेतील. तुळजाजीराजांनी त्यांना १७८७ साली दत्तक घेतले आणि श्वार्ट्झ नामक जर्मन धर्मोपदेशकास मुलाकडे लक्ष देण्याची विनंती करून त्याच वर्षी देह ठेवला. गादी मात्र मिळाली तुळजाजींचे बंधू अमरसिंग यांस. मुलाचे दिवस कोंडवाड्यात गेल्यासारखे गेले. धड शिक्षक नाही, हिंडण्याफिरण्याची मोकळीक नाही. अशा स्थितीत कितीही तल्लख बुद्धी गंजून जावयाची! श्वार्ट्झ यांनी मद्रास सरकारकडे पाठपुरावा सोडला नाही. (अर्जामागून अर्ज करणे म्हणजे काय, हे आम्हां सरकारी नोकरांस वेगळे सांगावयास नको.) अखेर १७९३ मध्ये सरफोजींना मद्रासला नेण्यात आले. तेथे गेरिके या दुसऱ्या धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली त्यांचा अभ्यास मार्गी लागला. गुरू पाद्री असूनही शिष्याने स्वधर्म सोडला नाही, हे उभयतांना भूषणावहच होय.

१३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ निवर्तले; २९ जून रोजी सरफोजी गादीवर आले. पुढच्याच वर्षी तहान्वये राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजाच्या हाती उरला किल्ला, भोवतालचा थोडा मुलूख आणि उत्पन्नातील वाटा. दुसरा एखादा विलासात बुडाला असता. सरफोजींनी शाळा काढल्या.

या शाळांत नवविद्या शिकविली जाई. ओरत्तनाडू येथे त्यांनी मुक्तांबाळच्या नावे छत्र उभारले. तेथे प्रवाशांना जसे अन्न, तसे मुलांना अन्नासह शिक्षण मिळे, आणि तेही एकाहून अधिक भाषांत. मुलांना पुस्तके हवीत, म्हणून देवनागरीचा छापखाना काढून इसापच्या गोष्टी 'बालबोध मुक्तावली' या नावाने मराठीत छापविल्या. हे सारे एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले; पुण्यात तेव्हा पेशवाई नांदत होती. सरस्वती महाल ग्रंथालयाचे वैभव सर्वश्रुत आहे, त्याविषयी अधिक लिहीत नाही.

गुणी माणूस हेरण्याची दृष्टीही त्यांना होती. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलू हे चौघे नृत्यसंगीतज्ञ बंधू त्यांच्या दरबारी वाढले. आजच्या भरतनाट्यमाच्या कार्यक्रमाची घडण त्यांचीच. वडिवेलू पुढे त्रावणकोरच्या स्वातितिरुनाळ महाराजांकडे गेले.

सरफोजीराजे ७ मार्च १८३२ रोजी वारले. तंजावरास जाणारे आमचे बांधव बृहदीश्वराचे दर्शन घेऊन व ग्रंथालय पाहून परततात. शिवगंगा उद्यानालगतच्या चर्चमध्येही त्यांनी अवश्य डोकवावे. फ्लॅक्समन या शिल्पकाराने घडविलेले संगमरवरी शिल्प तेथे आहे : अंथरुणावर मरणोन्मुख श्वार्ट्झ, आणि त्यांचा हात हाती घेतलेले तरुण सरफोजी.