यदृच्छेचे गणित मांडणारे फॉन नॉयमन

संगणकाने काढलेली लॉटरीची सोडत खरोखर दैवाधीन असते काय, असा प्रश्न तिकीट घेणाऱ्याच्या मनात येतोच. जॉन फॉन नॉयमन यांना तो १९४० च्या दशकातच पडला होता. निमित्त मात्र लॉटरीचे नव्हते, अण्वस्त्रांचे होते.

बुडापेस्टमधील एका सधन ज्यू बँकरच्या घरी २८ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचा जन्म झाला. गणितावर पोट भरत नाही, हे वडिलांचे मत; म्हणून मुलाने झुरिच येथे रसायन अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि १९२६ मध्ये बुडापेस्ट विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेटही मिळवली. पुढे अमेरिकेत गेल्यावर १९३३ मध्ये प्रिन्स्टनच्या प्रगत अध्ययन संस्थेत ते प्राध्यापक झाले. आइन्स्टाइन तेथेच होते.

महायुद्धकाळात लॉस अलामोसच्या अणुबॉम्ब प्रकल्पाशी त्यांचा संबंध आला. तेथील त्यांचे स्नेही स्टानिस्लाव उलाम १९४६ मध्ये आजारातून उठताना एकट्याने पत्ते खेळत बसत. डाव सुटण्याची शक्यता गणिताने काढण्यापेक्षा शंभर डाव खेळून मोजावी, असे त्यांना सुचले. न्यूट्रॉनचा प्रवासही असाच अजमावता येईल, हे फॉन नॉयमन यांनी तत्काळ ओळखले. ही ‘माँटे कार्लो’ पद्धती. तिला यादृच्छिक आकड्यांचा रतीब लागे, आणि ‘एनिअ‍ॅक’ संगणकाची स्मृती तर अगदीच तोकडी!

फॉन नॉयमन यांनी काढलेली तोड शाळकरी मुलालाही समजेल. चार अंकी संख्येचा वर्ग करायचा, मधले चार अंक उचलायचे, पुन्हा त्यांचा वर्ग. १२३४ चा वर्ग १५२२७५६; पुढे शून्य लावून आठ अंक केले की मधले ५२२७. त्यापासून ३२१५, मग ३३६२. पाहणाऱ्याला काही सूत्र दिसत नाही, पण सुरुवातीचा आकडा ज्याला ठाऊक, त्याला अखेरपर्यंतचे सारे ठाऊक. शिवाय ३७९२ वर पोहोचलो की पुन्हा ३७९२ च येते. यंत्र तेथेच अडकते. ही उणीव त्यांनी कधी लपवली नाही. गणिती सूत्राने खरी यदृच्छा निर्माण होत नाही, हे ते स्वतःच विनोदाने सांगत. तरीही त्यांनी ही रीत पत्करली, कारण तेच आकडे पुन्हा काढून हिशेब तपासता येई. शास्त्रज्ञाची ही सोय सोडतीत मात्र घातक ठरते. अमेरिकेत आयोवा येथील २०१० च्या सोडतीत लॉटरी संघटनेच्या सुरक्षा अधिकाऱ्यानेच आज्ञावलीत फेरफार करून ठरावीक तारखांचे आकडे आधीच हेरून ठेवले होते. २०१७ मध्ये त्याला कमाल २५ वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली.

१९५१ च्या निबंधात त्यांनी खोट्या नाण्यावरचा उपायही दिला. नाणे दोनदा उडवावे. दोन्ही वेळी सारखेच पडले तर सोडून द्यावे. छापा-काटा पडल्यास छापा, काटा-छापा पडल्यास काटा मानावा. दोन्हींची शक्यता समान असल्याने नाण्याचा खोट आपोआप नाहीसा होतो. त्यांच्या अफाट कामगिरीत हा तुकडा लहान, पण आम्हाला सर्वांत लोभस वाटतो.

१९५५ मध्ये त्यांना कर्करोगाने गाठले. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी, अवघ्या ५३ व्या वर्षी, वॉशिंग्टनमधील वॉल्टर रीड रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जूनमध्ये ब्रिटनमधील ‘प्रीमियम बाँड’ची पहिली सोडत ‘अर्नी’ या यंत्राने काढली. त्याचे आकडे कोणत्याही सूत्रातून नव्हे, तर निऑन नळ्यांतील विद्युत्-खळबळीतून येत होते.