ज्युदोचे जनक जिगोरो कानो

जपान देशात मिकागे नावाच्या गावी १८६० साली एका सधन कुटुंबात जिगोरो कानो यांचा जन्म झाला. लहानपणीच त्यांचे मातृछत्र हरपले, तेव्हा वडिलांनी त्यांना शिक्षणासाठी टोकियोस नेले. जिगोरो अभ्यासात अत्यंत हुशार. परंतु देहाने ठेंगणा आणि कृश. शाळेच्या वसतिगृहातील धटिंगण मुले त्याला मारीत, छळीत. जुजुत्सू नावाच्या कुस्तीविद्येने दुर्बल मनुष्यही बलवानास लोळवू शकतो, असे त्याच्या कानी आले होते. ही विद्या शिकायचीच, असा त्याने निश्चय केला.

पण शिकवणार कोण? १८६८ च्या राज्यक्रांतीनंतर जपानात पाश्चात्त्य रीतींचा प्रसार होऊन जुन्या युद्धकला मागे पडल्या होत्या. कित्येक वस्ताद मोडलेली हाडे बसवून उदरनिर्वाह करीत. हाडवैद्यांकडे चौकशी करता करता १८७७ साली जिगोरोला फुकुदा हे गुरू लाभले.

फुकुदांच्या तालमीत फुकुशिमा नावाचा एक थोराड सहाध्यायी होता. त्याच्याशी झुंजताना जिगोरो नेहमी आपटला जाई. दुसरा कोणी असता, तर त्याने आपल्याहून हलका जोडीदार शोधला असता. जिगोरोने तसे केले नाही. त्याने सुमो कुस्तीचे डाव शिकून पाहिले, ते फसले. मग ग्रंथालयात जाऊन तो पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तके धुंडाळू लागला. त्यांत त्याला हवा तो डाव गवसला. प्रतिपक्ष्याच्या पुढ्यात वाकून शिरायचे, त्याला खांद्यांवर आडवे उचलायचे आणि जमिनीवर टाकायचे! पुष्कळ सराव करून त्याने तो डाव योजला, आणि एके दिवशी तो अवाढव्य फुकुशिमा धाडकन खाली आला. फुकुशिमाने दया येऊन आधीच अंग टाकले असते, तर जिगोरोला हा डाव कधीच शोधावा लागला नसता.

फुकुदा १८७९ साली निवर्तले. पुढे कानो इइकुबो नावाच्या गुरूंकडे शिकू लागले. गुरुशिष्य नित्य झुंजत. समोरच्याचा तोल आधी ढळवला, म्हणजे त्याला पाडण्यास अल्प बळ पुरते, हे मर्म कानोंना अशाच सरावातून उमगले. एके दिवशी त्यांनी प्रत्यक्ष गुरूंनाच पुनःपुन्हा पाडले. इइकुबो मुळीच रागावले नाहीत. त्यांनी शिष्याकडून ते मर्म समजून घेतले आणि आता आपणाजवळ शिकवण्यासारखे काही उरले नाही, असे मोकळ्या मनाने मान्य केले.

१८८२ साली कानोंनी टोकियोतील एका मंदिरात अवघ्या बारा चटयांच्या जागेत 'कोदोकान' ही संस्था स्थापन केली आणि आपल्या विद्येला 'ज्युदो' हे नाव दिले. जुन्या विद्येत हाडे मोडणारे घातक प्रकार पुष्कळ होते. पण आज ज्याचा हात मोडला, तो उद्या सरावाला कोठून येणार? म्हणून असे प्रकार कानोंनी मोकळ्या झुंजीतून वगळले. इजा न होता कसे पडावे, हे नवशिक्यास प्रथम शिकवले जाऊ लागले. झुंजीच्या आरंभी व अखेरीस जोडीदारास वाकून नमस्कार करण्याची शिस्त पाळली जाई. स्वतःचे आणि दुसऱ्याचे हित एकत्रच साधते, हे तत्त्व त्यांनी १९२२ साली ज्युदोचे ध्येय म्हणून घोषित केले.

कानो हे मूळचे शिक्षक. शिक्षक घडवणाऱ्या टोकियोतील एका मोठ्या विद्यालयाचे ते अनेक वर्षे प्रमुख होते. १९०९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर निवडले गेलेले ते पहिले आशियाई सभासद होत. १९३८ साली परदेशातून परतताना बोटीवरच त्यांचे देहावसान झाले. १९६४ साली टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांत ज्युदोचा समावेश झाला. तो दिवस पाहण्यास ते हयात नव्हते.

आज जगभर लक्षावधी मुले ज्युदो खेळतात. जो आपल्याला पाडतो, तो आपला वैरी नसून शिक्षक असतो. आणि ज्याला आपण पाडतो, त्याला जपणे हे आपले कर्तव्य असते. कानोंच्या चरित्रातून घ्यावयाचा धडा तो हाच.