निवृत्तीचा पैसा चाळिशीनंतर कुठे ठेवावा? सी. डी. देशमुखांच्या आयुष्यातून समजून घ्या

चाळिशी ओलांडली की निवृत्तीच्या खात्याचं स्टेटमेंट जरा जास्त लक्ष देऊन पाहिलं जातं. एनपीएसमधले किती टक्के पैसे शेअर बाजारात ठेवायचे आणि किती सरकारी रोख्यांत? हा प्रश्न पुण्यातल्या आयटी कर्मचाऱ्याला पडतो, तसाच अकोला जिल्ह्यात हिवरखेडला राहून नोकरी करणाऱ्यालाही पडतो. त्यावर नेहमी ऐकू येणारं उत्तर म्हणजे, सरकारी आहे ना, मग सुरक्षित आहे.

हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. उरलेलं अर्धं समजून घ्यायला चिंतामण द्वारकानाथ देशमुख, म्हणजेच सी. डी. देशमुख यांचं आयुष्य उपयोगी पडतं.

कोण होते सी. डी. देशमुख?

त्यांचा जन्म 14 जानेवारी 1896 रोजी रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावात झाला. 1912 मध्ये ते मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. केंब्रिजमध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे विषय घेतले. 1918 च्या आयसीएस परीक्षेतही त्यांचा पहिला क्रमांक आला.

नोकरीसाठी ते आले मध्य प्रांत व वऱ्हाडात. तेव्हा अकोला आणि अमरावती याच प्रांतात होते आणि कारभार नागपूरहून चालायचा. देशमुख पुढे याच सरकारचे अर्थसचिव झाले. वऱ्हाडातल्या कपाशीचा भाव पडला की सरकारी महसूल कसा आटतो, हे या खुर्चीवरच्या माणसाला रोज पाहावं लागे.

43 व्या वर्षी बदललेली वाट

1939 मध्ये, वयाच्या 43 व्या वर्षी, देशमुख रिझर्व्ह बँकेत गेले. बँक स्थापन होऊन तेव्हा अवघी 4 वर्षं झाली होती. 1941 मध्ये ते डेप्युटी गव्हर्नर झाले आणि ऑगस्ट 1943 मध्ये पहिले भारतीय गव्हर्नर. 1944 च्या ब्रेटन वूड्स परिषदेत ते भारताच्या शिष्टमंडळात होते.

त्यांच्याच कारकिर्दीत 1 जानेवारी 1949 रोजी रिझर्व्ह बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं आणि त्याच वर्षी बँकांवर देखरेख ठेवणारा बँकिंग कायदा लागू झाला. लोकांचा पैसा ज्याच्या हातात आहे, त्याच्यावर कुणाचं तरी लक्ष हवं, हे सूत्र त्यांच्या पुढच्या कामातही दिसतं.

विमा कंपन्या का ताब्यात घेतल्या?

1950 मध्ये देशमुख अर्थमंत्री झाले. ते मंत्रिमंडळात असतानाच 1952 मध्ये कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला. पण नोकरी नसलेल्या माणसासाठी म्हातारपणाची सोय म्हणजे बहुतेक वेळा खासगी कंपनीची आयुर्विमा पॉलिसी.

या कंपन्यांची अवस्था वाईट होती. 1944 ते 1954 या दहा वर्षांत 25 कंपन्या दिवाळखोरीत निघाल्या. आणखी 25 कंपन्यांनी पैसा इतका उधळला की त्यांचा व्यवसाय दुसऱ्यांकडे सोपवावा लागला. काही मालक विमेदारांचा पैसा स्वतःच्याच उद्योगांत वळवत होते. ज्याने वीस वर्षं हप्ते भरले, त्याला याचा पत्ताही नसायचा.

19 जानेवारी 1956 रोजी सरकारने वटहुकूम काढून आयुर्विमा व्यवसायाची सूत्रं हाती घेतली. देशमुखांनी त्या संध्याकाळी आकाशवाणीवरून ही घोषणा केली. कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून 245 संस्थांचा कारभार एकत्र आला आणि 1 सप्टेंबर 1956 रोजी एलआयसी सुरू झाली. तेव्हा देशमुख मंत्री नव्हते. मुंबई केंद्रशासित करण्याच्या निर्णयाला विरोध करून त्यांनी जुलैमध्येच राजीनामा दिला होता.

मुंदडा प्रकरणात काय झालं?

वर्षभरातच, जून 1957 मध्ये, एलआयसीने हरिदास मुंदडा यांच्या 6 कंपन्यांचे सुमारे 1.24 कोटी रुपयांचे शेअर घेतले. या कंपन्या अडचणीत होत्या. प्रकरण संसदेत गाजलं, न्या. छागला आयोगाने चौकशी केली आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावं लागलं.

पैसा आता मालकाच्या खिशात जात नव्हता, सरकारी संस्थेत होता. तरीही तो चुकीच्या जागी गुंतवला गेला. म्हणजे जोखमी दोन असतात: पैसा कोणाकडे आहे आणि तो कशात गुंतवला आहे. देशमुखांच्या कायद्याने पहिली जोखीम कमी केली. दुसरी वेगळी पाहावी लागते.

आजच्या खातेदाराने काय पाहावं?

एनपीएसवर नियामकाची देखरेख आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाची बरीच सोय झालेली आहे. जिथे पर्याय निवडण्याची मुभा आहे, तिथे दुसरा प्रश्न खातेदाराचाच.

- वयानुसार वाटा: एनपीएसच्या मूळ तीन लाइफ सायकल पर्यायांत वय वाढतं तसा शेअरचा वाटा आपोआप घटतो. 45 व्या वर्षी तो एलसी-25 मध्ये 15, एलसी-50 मध्ये 30 आणि एलसी-75 मध्ये 35 टक्के असतो. 55 व्या वर्षी तो अनुक्रमे 5, 10 आणि 15 टक्क्यांवर येतो.
- पडझडीचा हिशोब: समजा खात्यात 10 लाख आहेत आणि बाजार 30 टक्के पडला. शेअरचा वाटा 30 टक्के असेल तर 90 हजारांचा फटका बसेल. वाटा 75 टक्के असेल तर सव्वादोन लाखांचा. 45 व्या वर्षी सावरायला 15 वर्षं हातात असतात, 57 व्या वर्षी फक्त 3.
- महागाई: सगळा पैसा रोख्यांत ठेवला तरी जोखीम संपत नाही. निवृत्तीनंतर वीस-पंचवीस वर्षं खर्च चालवायचा असेल, तर महागाईच्या पुढे जाणारा थोडा वाटा लागतोच.
- सगळी खाती एकत्र मांडा: पीपीएफ आणि मुदत ठेवींत मिळून 15 लाख आणि एनपीएसमध्ये 5 लाख असतील, त्यातला निम्मा वाटा शेअरमध्ये असेल, तर एकूण 20 लाखांत शेअर फक्त साडेबारा टक्के. एनपीएसमधला 50 टक्क्यांचा आकडा एकट्याने पाहिला तर तो उगाच मोठा वाटतो.

वऱ्हाडातला शेतकरी कपाशीत तुरीचे तास टाकतो, कारण एक पीक गेलं तर दुसरं हाताशी राहावं. निवृत्तीच्या खात्याचा विचारही असाच, फक्त प्रत्येक वाढदिवसाला टक्केवारी पुन्हा एकदा तपासायची.

देशमुख पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 2 ऑक्टोबर 1982 रोजी, वयाच्या 86 व्या वर्षी त्यांचं निधन झालं. साठीनंतर ते आणखी 26 वर्षं जगले. निवृत्तीचं गणित मांडताना साठीनंतरच्या एवढ्या वर्षांचा खर्च धरायला हवा.