वडगावला हरलेल्या गव्हर्नरने वरळीची खाडी बुजवली आणि मुंबईचा नकाशाच बदलला

हाजी अलीच्या सिग्नलला वरळीकडे तोंड करून थांबलात की डाव्या हाताला समुद्र दिसतो आणि उजव्या हाताला महालक्ष्मीचं रेसकोर्स. पाण्यात आणि जमिनीत अंतर फक्त एका रस्त्याचं. या रस्त्याला आज लाला लजपतराय मार्ग म्हणतात, पण मुळात तो रस्ता म्हणून बांधलाच नव्हता. तो समुद्र अडवणारा बांध होता. जुन्या मुंबईकरांच्या तोंडी त्याचं नाव होतं हॉर्नबी वेलार्ड. वेलार्ड हा कुंपण किंवा बांध या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाचा अपभ्रंश, आणि हॉर्नबी म्हणजे विल्यम हॉर्नबी.

मुंबईचा हा गव्हर्नर आपल्या ओळखीचा आहे. फक्त आपण त्याला मुंबईच्या नाही, पेशवाईच्या इतिहासात भेटलेलो असतो.

हॉर्नबीचा जन्म १७२३ चा. १७७१ मध्ये तो मुंबईचा गव्हर्नर झाला. त्या काळी कंपनीच्या दरबारात मुंबईला फारशी किंमत नव्हती. बंगालमध्ये प्लासीनंतर महसुलाचा पूर आला होता, मद्रासकडेही मुलूख होता. मुंबईकडे काय? एक उत्तम बंदर, जहाजांची गोदी आणि कायमची कर्जं. पगारासाठीसुद्धा कलकत्त्याकडे हात पसरायची वेळ यायची. मुंबईच्या कौन्सिलला साष्टी आणि वसई हवी होती ती यामुळेच.

संधी आयती चालून आली. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर पुण्यात बारभाईंनी राघोबादादांना बाजूला सारलं आणि दादा इंग्रजांच्या आश्रयाला गेले. १७७४ संपता संपता इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला आणि साष्टी घेऊनच टाकली. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. आम्ही तुम्हाला पेशवेपद मिळवून देतो, तुम्ही आम्हाला साष्टी-वसई द्या, असा सरळ सौदा.

अडचण एकच होती. दोन वर्षांपूर्वीच्या कायद्याने मुंबईला लढाई-तहासाठी कलकत्त्याची परवानगी लागत होती आणि हॉर्नबीच्या कौन्सिलने ती घेतलीच नव्हती. कलकत्त्याने तह धुडकावला आणि १७७६ मध्ये पुण्याशी पुरंदरचा तह केला. आधी करून टाकायचं आणि मंजुरीचं मागाहून बघायचं, ही या माणसाची खोड इथे पहिल्यांदा ठळक दिसते.

खोड गेली नाही. १७७८ च्या अखेरीस राघोबादादांना घेऊन मुंबईची फौज पुण्याच्या वाटेला लागली. बोरघाट चढून जाणारी ही फौज हजारो बैल आणि सामानसुमान घेऊन अक्षरशः सरपटत होती. मराठ्यांनी वाटेतली रसद तोडली, तळेगाव जाळून मोकळं केलं. इंग्रज मागे फिरले आणि महादजी शिंद्यांच्या सैन्याने त्यांना वडगावला घेरलं. जानेवारी १७७९ मधला वडगावचा तह म्हणजे मुंबईकर इंग्रजांनी पत्करलेली शरणागतीच. १७७३ पासून घेतलेला सगळा मुलूख परत करायचा होता, साष्टीसकट. हॉर्नबीने तो तह मानायला नकार दिला, कलकत्त्यानेही दिला. लढाई आणखी तीन वर्षं चालली. मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला तेव्हा साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई मात्र मराठ्यांकडे परत आली.

तिजोरी रिकामी, नाव खराब आणि कारकीर्द संपत आलेली. नेमक्या याच सुमारास हॉर्नबीने वरळीचं काम काढलं.

तेव्हाची मुंबई म्हणजे सात बेटं. वरळी हे त्यातलं एक. त्याच्या उत्तर टोकाला, आजही जिथे आहे तिथेच, किल्ल्याच्या पायथ्याशी कोळीवाडा. दक्षिणेला महालक्ष्मीची टेकडी आणि मधे मोठं खिंडार. भरतीला समुद्र या खिंडारातून आत शिरायचा आणि थेट भायखळ्यापर्यंतचा सखल भाग पाण्याखाली घालायचा. पायधुणी हे नाव, तिथे चिखलपाण्यातून आलेले लोक पाय धुवायचे म्हणून पडलं असं सांगतात. बेटांच्या मधोमध दलदल, डास, ताप. खिंडार बुजवायचे प्रयत्न आधीही झाले होते.

हॉर्नबीच्या बांधाचा खर्च साधारण एक लाख रुपये सांगितला जातो. लंडनच्या संचालकांना तो मान्य नव्हता, हॉर्नबीने तरीही काम सुरू केलं आणि नकाराचं पत्र खिशात ठेवून ते पुरं केलं, अशी गोष्ट सांगतात. पत्राचा भाग तिखटमीठ लावलेला असू शकतो. पण आधीची कारकीर्द पाहिली तर माणूस तसा होता, हे पटतं.

दुसरी गोष्ट आपल्याकडची. बांध सारखा ढासळत होता. कामावरच्या रामजी शिवजी या पाठारे प्रभू माणसाच्या स्वप्नात देवी आली, त्याने वरळीच्या समुद्रातून मूर्ती बाहेर काढल्या, मग बांध टिकला आणि महालक्ष्मीचं देऊळ झालं. ही दंतकथाच, पण मुंबईत ती हॉर्नबीपेक्षा जास्त लोकांना माहीत आहे.

१७८४ च्या सुमारास बांध झाला. त्याच वर्षी हॉर्नबी पदावरून गेला आणि इंग्लंडला परतला. हॅम्पशायरमध्ये त्याने मोठं घर बांधलं. तो वारला १८०३ मध्ये.

म्हणजे त्याने बांध पाहिला, बांधाने काय घडवलं ते नाही. आतली दलदल एका रात्रीत सुकली नाही. माती आणि शहराचा कचरा टाकत ती भरायला पुढची कित्येक दशकं गेली. पण समुद्र अडला होता, त्यामुळे भरणं शक्य झालं. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला रेल्वे धावली. पुढच्याच वर्षी कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला कापड गिरणी काढली आणि १८५६ मध्ये तिच्यातून सूत निघू लागलं. मग भायखळा, परळ, लालबाग, वरळी अशी गिरण्यांची रांगच लागली. घाटावरून आणि कोकणातून माणसं आली. त्यांच्या चाळी, खानावळी, व्यायामशाळा, भजनी मंडळं यांचं गिरणगाव झालं. १९२० च्या दशकात वरळीला बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. सालबाईच्या तहाला तेव्हा दोनशे वर्षं होत आली होती.

समुद्र मात्र जुनी वाट विसरलेला नाही. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की हिंदमाता, परळ, भायखळा तुंबतात. भरतीच्या वेळी पाणी उताराने समुद्रात जाऊच शकत नाही, म्हणून हाजी अली आणि वरळीच्या लव्हग्रोव्हला पंप लावून ते बाहेर फेकावं लागतं.

हॉर्नबीच्या या गोष्टीत एक माणूस कुठेच येत नाही, तो म्हणजे वरळीचा कोळी. ज्या पाण्यावर त्याचं पोट, ते अडवायचं की नाही हे लंडन, कलकत्ता आणि फोर्टमधले साहेब ठरवत होते. कोस्टल रोडच्या वेळी मात्र वरळी कोळीवाड्याने होड्या अडवल्या नाहीत तर काम अडवलं. वरळीच्या क्लीव्हलँड बंदरासमोर पुलाच्या दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवायचं ठरलं होतं. भरती-ओहोटीच्या ओढीत एवढ्या जागेतून होडी सुखरूप काढता येणार नाही, असं कोळ्यांचं म्हणणं होतं. निवेदनं झाली, आंदोलनं झाली, काम थांबलं. शेवटी डिसेंबर २०२२ च्या सुमारास महापालिकेने ते अंतर १२० मीटर करायचं मान्य केलं.