दुष्काळाचा कायदा आणि टिळक

नायगाव तालुक्यात पीक बुडाले म्हणजे आणेवारीची चर्चा घरोघर होते. सरकारी कागदांत तीस आता पैसेवारी म्हणतात. ती नजर, सुधारित व अंतिम अशा टप्प्यांनी ठरते. पन्नास पैशांच्या खाली गेलेल्या गावांस जमीनमहसुलात सूट, विद्यार्थ्यांस परीक्षाशुल्काची माफी वगैरे सवलती मिळत आल्या आहेत. परंतु ज्याच्या शेतास हे नियम लागू, त्यास ते बहुधा उशिरा कळतात. म्हणून बाळ गंगाधर टिळकांच्या चरित्रातील एका वर्षाचे आम्हांस स्मरण होते.

टिळक १८५६ साली रत्नागिरीस जन्मले. १८७९ साली ते कायद्याची परीक्षा उतरले. पण वकिली न पत्करता त्यांनी शाळा काढली, केसरी काढला, आणि पुढे चरितार्थासाठी पुण्यास कायद्याचा वर्ग चालविला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यास त्यांनी केलेला विरोध आम्हांस बिलकूल मान्य नाही. तथापि १८९६ साली पाऊस फिरला, तेव्हा याच गृहस्थाने कायदा रयतेच्या दारी नेला.

दुष्काळात काय करावे याचे नियम सरकारनेच पूर्वी करून ठेविले होते: धडधाकटांस काम, अपंगांस अन्न, पीक बुडालेल्यांस सारातहकुबी. कुणब्यास त्यांची वार्ताही नव्हती. टिळकांनी ते केसरीतून सोप्या मराठीत उलगडले. सार्वजनिक सभेचे प्रचारक गावोगाव जाऊन सभा भरवू लागले. सांगणे एवढेच, की ज्याचे पीक खरोखर गेले त्याने सावकाराचे कर्ज काढून सारा भरू नये, सरकारकडे हक्काने दाद मागावी. टिळक त्या वेळी मुंबई कायदेकौन्सिलाचे सभासद होते. तरी सरकारचाच कायदा वाचून दाखविणे सरकारास खपले नाही. काही प्रचारकांवर खटले झाले, आणि मार्च १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेण्यात आली. त्याच वर्षी टिळक निराळ्या लेखांबद्दल राजद्रोहाच्या आरोपाखाली दीड वर्ष तुरुंगात गेले. १९२० साली ते निवर्तले.

नायगाव तेव्हा निजामाच्या मुलखात होते. मुंबई इलाख्याचे नियम तेथे लागू नव्हते, आणि दरबारचा कारभार मराठी रयतेस परक्या असलेल्या उर्दूत चाले. ती अडचण उरलेली नाही. आज कायदा मराठीत आहे, तलाठ्याची कचेरी जवळ आहे. मग नजर पैसेवारी जाहीर होण्यापूर्वी तिचे नियम चावडीवर मोठ्याने वाचले जावेत, ही आमची मागणी जिल्हाधिकाऱ्यांस अवघड वाटू नये.