वनशास्त्राचा पाया घालणारे ब्रँडिस

भारतातील शास्त्रीय वनव्यवस्थापनाचे जनक म्हणून डीट्रिश ब्रँडिस ओळखले जातात. ३१ मार्च १८२४ रोजी जर्मनीतील बॉन येथे त्यांचा जन्म झाला. तेथील विद्यापीठात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत असत. ब्रह्मदेशातील पेगू प्रांतात लाकूड व्यापाऱ्यांकडून सागाची बेसुमार तोड सुरू असताना, १८५६ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी तेथील जंगलांची जबाबदारी त्यांच्यावर सोपविली.

हत्तीवर बसून ब्रँडिस यांनी ती जंगले पालथी घातली. वाटेच्या दुतर्फा असलेल्या सागवृक्षांची बुंध्याच्या घेरानुसार वर्गवारी करून ते गणती करीत आणि काठीवर खाचा पाडून नोंद ठेवीत. वर्षाला किती झाडे तोडली तरी जंगल टिकेल, याचा हिशेब त्यातून त्यांनी मांडला आणि व्यापाऱ्यांचा रोष पत्करून तो अमलात आणला. फिरती शेती करणाऱ्या करेन लोकांकडून त्यांच्याच शेतात पिकांसोबत सागाची लागवड करून घेण्याची पद्धतही त्यांनी रूढ केली.

१८६४ मध्ये ते भारताचे पहिले वन महानिरीक्षक झाले. डेहराडूनचे वन विद्यालय त्यांच्याच प्रयत्नांतून १८७८ मध्ये उभे राहिले. त्याच वर्षीच्या वन कायद्याने मात्र त्यांची कसोटी पाहिली. बेडन-पॉवेल यांच्यासारखे अधिकारी जंगलांवर सरकारची निर्विवाद मालकी असावी, या मताचे होते. राखीव जंगले ब्रँडिस यांनाही हवी होती. परंतु गावकऱ्यांचे सरपण-चराईचे हक्क जपले जावेत आणि गावांना स्वतःची वने असावीत, असा त्यांचा आग्रह होता. कायद्यात ग्रामवनांची तरतूद झाली खरी, पण ती बहुतांशी कागदावरच राहिली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हक्कांना सरकारी सवलतींचे रूप आले आणि ब्रँडिस यांनी उभारलेल्या खात्याशीच वनवासींचा संघर्ष सुरू झाला.

१८८३ मध्ये निवृत्त झाल्यावर ते बॉनला परतले. पुढे अमेरिकेच्या वनसेवेचे पहिले प्रमुख झालेले गिफर्ड पिंशो यांना त्यांचे मार्गदर्शन लाभले. भारतीय वृक्ष, झुडपे, वेली, बांबू आणि ताडवृक्षांचा परिचय करून देणारा ‘इंडियन ट्रीज’ हा ग्रंथ त्यांनी वयाच्या ८२ व्या वर्षी, १९०६ मध्ये प्रसिद्ध केला. मे १९०७ मध्ये त्यांचे निधन झाले.

२००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला जंगलावरील सामूहिक हक्क मिळाले. जंगलाची राखण गावाच्या सहभागाने व्हावी, हा ब्रँडिस यांचा विचार कायद्याच्या बळावर प्रत्यक्षात येण्यास सव्वाशेहून अधिक वर्षे जावी लागली.